सून सासूला चालवते म्हणून नावं ठेवणाऱ्यांना काय सांगायचं?

आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

"सिस्टर, माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. आमचं गाव देवगड तालुक्यात. श्रावणात मागल्या दारी शेवाळावरून पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन ऑपरेशन केलं, खुब्याच्या सांध्यातला बॉल बदललाय म्हणतात. आज चौथा दिवस. दुसऱ्याच दिवशी फिजिओच्या मॅडम आल्या आणि वॉकर धरून त्यांना उभं केलं. सासूबाई रडल्या, 'माका पडान रवांदे गो' म्हणाल्या. बघायला आलेल्या माणसांनी मलाच सुनावलं, की म्हाताऱ्या माणसाला उठवायची एवढी काय घाई? नणंद डोंबिवलीला असते. ती रोज फोन करून सांगते, आईला हलवू नकोस, मी गणपतीला येते तेव्हा बघू. मॅडम दिवसातून एकदा येतात, दहा मिनिटांत जातात. बाकीचा सगळा वेळ मी एकटी. रात्री सासूबाई बरळतात, गुरं बांधलीस का विचारतात, उठून जायला बघतात. आमची गुरं विकून पाच वर्षं झाली. गावचा एकजण तेल लावून मालिश करायला यायला तयार आहे. घराकडे गाडी जात नाही, पाखाडीच्या अठरा पायऱ्या आहेत. मी काय करू? – एक सून"

ताई,

फिजिओच्या मॅडम बरोबर आहेत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे आज संध्याकाळी जेवणाआधी सासूबाईंना खुर्चीत बसवायला तुम्ही मोकळ्या. बाकीचं सावकाश वाचा.

आता तुमची खरी अडचण. सासूबाईंना मुलीनं हात धरून चालवलं असतं तर वॉर्डातल्या बायका म्हणाल्या असत्या, "बघा, किती करते आईचं." तेच सुनेनं केलं की "म्हातारीला सुखानं पडू पण देत नाही." मी वॉर्डात नोकरी केली तेव्हापासून हे ऐकत आलेय. आपल्याकडे सेवा म्हणजे माणसाला निजवून त्याचं सगळं आपण करायचं. पाणी तोंडाशी, भांडं अंथरुणात, घास भरवायचा, पाय चेपायचे. बघणाऱ्याला ते डोळ्यांना दिसतं. आणि कोपऱ्यात हात बांधून उभं राहायचं, "तुम्हीच उठा आई, मी आहे" म्हणायचं, ही सेवा कुणाला दिसत नाही. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस पुन्हा आपल्या पायांवर घरात हिंडतो तो बहुतेकदा या दुसऱ्या सेवेमुळे.

पडून राहिल्यानं काय होतं ते आकड्यांत सांगते, नणंदेला फोनवर सांगायला उपयोगी पडेल. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणात ठेवलं. त्यांची दमाची ताकद पाव हिश्श्याहून जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तर वय वाढून जेवढी ताकद घटली होती त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटलेली निघाली. आणि हे तरुणांचं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या, काही आजार नसलेल्या माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं होतं. दहा दिवसांत एकट्या पायांतलं जवळपास एक किलो मांस झिजलं. तुमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यात हाड मोडलेलं, रक्त गेलेलं, जेवण तुटलेलं. नणंद गणपतीला येईपर्यंत थांबायचं म्हणजे पायांत जे काही उरलंय तेही घालवायचं.

झिजतात ते एकटे पाय नाहीत. उताणं पडून फुप्फुसांच्या तळाला कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ धरते. माकडहाडावर, टाचेवर चट्टा पडतो आणि त्याची जखम होते. शौचाला साफ होत नाही, म्हणून जेवण जात नाही, म्हणून अंगात शक्ती येत नाही. म्हातारं माणूस "हाड मोडून गेलं" असं गावात म्हणतात तेव्हा पुष्कळदा ते हाडानं गेलेलं नसतं, त्यानंतरच्या या सगळ्यानं गेलेलं असतं. म्हणूनच खुब्याचं ऑपरेशन शक्य तितक्या लवकर करून दुसऱ्या दिवशी उभं करायचं, अशी रीत आता जगभर आहे. मॅडमनी घाई केलेली नाही, वेळेवर केलंय.

एक अट मात्र आहे. उठवायचं, भार द्यायचा, हे तुमच्या रुग्णाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असलं पाहिजे. बॉल बदलला की बहुतेकदा पूर्ण भार देऊन चालवतात. पण रॉड किंवा स्क्रू घातला असेल, मणक्याला मार असेल, बीपी फार खाली असेल, पोटरीत गाठ सापडली असेल, तर हिशोब वेगळा. शेजारच्या खाटेवरच्याला चालवलं म्हणून आपल्यालाही, असं करायचं नाही. उद्या राऊंडला डॉक्टर आले की तीन गोष्टी विचारा: उजव्या पायावर पूर्ण भार द्यायचा का, दिवसातून किती वेळा उठवायचं, आणि कुठल्या हालचाली वर्ज्य. हे विचारताना नणंदेला फोनवर घ्या, स्पीकर लावा. "वन्स, डॉक्टरच बोलतायत, ऐका." डॉक्टर पाच मिनिटं देत नसतील तर दोन मिनिटांत विचारा, पण विचारा तिच्यासमोर. त्यानंतर वॉर्डात कुणी काही बोललं तर तुमचं उत्तर तयार आहे: "डॉक्टरांनी सांगितलंय, आणि वन्संनी स्वतः ऐकलंय." त्यापुढे वाद घालू नका. बघायला येणारी माणसं केळी ठेवून अर्ध्या तासात निघून जातात, त्यांच्याशी भांडून तुमची शक्ती कशाला घालवायची?

आता उठवायचं कसं ते. रडण्याचं कारण दुखणं आहे, आणि दुखण्याला उपाय आहे. सिस्टरना विचारा, दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन कधी देणार, आणि उठवण्याची वेळ त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाची धरा. हा एवढा मेळ घातला तरी निम्मी रडारड थांबते. मग पाठ उंच करून थोडा वेळ बसवा. मग पाय खाटेखाली सोडून बसवा आणि थांबा. इथे सगळ्यांची घाई होते. चार दिवस आडवं असलेलं माणूस ताठ झालं की बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन-तीन मिनिटं पाय हलवत बसू द्या, बोलतं ठेवा. चेहरा पांढरा पडला, घाम आला, बोलणं तुटलं, तर परत निजवा आणि सिस्टरना सांगा. ठीक असेल तर उभं. तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे ऑपरेशन झालेल्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. हात धरून ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. कमरेला आधार द्यायचा. खाटेवर हात टेकून त्यांनीच उठायचं. चालताना आधी वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग डावा. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल, नाहीतर अनवाणी. हवाई चप्पल नको, मोजे घालून फरशीवर तर मुळीच नको. गाऊन घोट्याच्या वर राहील असा. आणि वॉकरच्या चारी पायांची रबरं हात लावून बघा, हॉस्पिटलातल्या वॉकरचं एखादं रबर हमखास गेलेलं असतं.

मॅडम दहा मिनिटं येतात म्हणून चिडू नका. एका फिजिओच्या वाट्याला किती वॉर्ड असतात ते बघा एकदा. त्या दहा मिनिटांत शिकून घ्या. मोबाईलवर व्हिडिओ काढू का विचारा, बहुतेकजण हो म्हणतात. मॅडम नसतानाचे बाकीचे तास कसे जातात त्यावर सगळं आहे, आणि ते तास तुमच्याकडे आहेत.

पण "आई, चला, व्यायाम करायचाय" म्हणू नका. आयुष्यभर भात लावलेल्या, पाणी ओढलेल्या बाईला व्यायाम हा शब्दच परका. तिला काम सांगा. सकाळी तोंड धुवायला बेसिनपर्यंत जायचं. दोन वेळचं जेवण आणि सकाळची पेज खुर्चीत बसून, खाटेवर नाही. एवढं ठरवलं की काही न बोलता दिवसातून तीनदा उठणं झालंच. संध्याकाळी खिडकीपर्यंत, पाऊस किती आहे बघायला. दोन खेपांमध्ये खाटेवर असताना पावलं वरखाली, वरखाली, पोटरीला ओढ बसेल अशी. दर तासाला दहा-वीस वेळा. गणपती तोंडावर आलेत, तर कापूस आणून द्या आणि वाती वळायला सांगा. खुर्चीत बसून अर्धा तास वाती वळणाऱ्या म्हातारीची पाठ, हात, डोकं, सगळं कामाला लागतं. तिला ती शिक्षा वाटत नाही, आणि वाती तर लागणारच आहेत.

पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताच्या टप्प्यात ठेवा, तुमच्या नव्हे. चष्मा पिशवीच्या तळाशी असेल तर काढा. कवळी असेल तर लावा. केस विंचरून द्यायच्या ऐवजी फणी त्यांच्या हातात द्या.

लघवीची नळी अजून आहे का? असेल तर रोज विचारा, आज काढायची का. नळी, सलाईन, ऑक्सिजन ही माणसाला खाटेला बांधून ठेवणारी दावी आहेत. गरज संपली तरी कुणी आठवण केली नाही म्हणून राहून जातात. नळीनं लघवीत जंतू जातात ते वेगळंच. सलाईन संपलेलं असेल तर सुई तशीच ठेवून नुसतं टोपण लावता येतं, म्हणजे स्टँड ओढत हिंडायला नको. नळी असताना चालवायचं झालं तर पिशवी कमरेच्या खालीच धरा, खांद्याला अडकवू नका.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र दिलं असेल तर बघा, सासूबाई त्यात फुंकतायत का. पुष्कळजण फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश आत ओढायचं आणि गोळी क्षणभर वर धरायची. तिन्ही गोळ्या उडवायची शर्यत नाही. एक गोळी सावकाश वर राहिली तरी पुष्कळ. जाग्या असताना तासाला दहा वेळा.

रात्रीच्या बरळण्याबद्दल. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर असं होतं, आणि पुष्कळांना होतं. वेड लागलेलं नाही. "बाहेरचं" असेल असंही कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेलच, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. घरच्यांना देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या, त्यानं काही बिघडत नाही. पण सिस्टरना आणि डॉक्टरांना आजच सांगा, कारण यामागे रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेलं पोट, एखादं औषध, काहीही असू शकतं आणि ते तपासून काढता येतं. तुमच्याकडून काय करायचं तर दिवसा पडदा उघडा, झोपू देऊ नका, चष्मा लावा, आज वार कोणता, कुठे आहोत ते अधूनमधून सांगत राहा. रात्री दिवे कमी, गप्पा कमी. "गुरां बांधलंस काय गो?" असं विचारलं तर "गुरं कधीच विकली" म्हणून वाद घालू नका, "सगळं नीट आहे आई, मी बघून आले" म्हणा. हात बांधायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. बांधलेलं माणूस आणखी बिथरतं. दिवसा खुर्चीत बसलेलं, चार पावलं चाललेलं माणूस रात्री जास्त शांत झोपतं, म्हणजे या दुखण्यावरही चालणं हाच अर्धा उपाय.

पडण्याची भीती खरी आहे. वॉर्डात माणसं पडतात ती पुष्कळदा संडासला जाताना, एकटी, रात्री. म्हणून निजण्याआधी एकदा नेऊन आणा. पहाटे त्या उठायला बघण्याआधी तुम्हीच विचारा. आणि तुम्ही खाटेशेजारी चटई टाकून झोपत असाल तर ती सासूबाई उतरतील त्या बाजूला असू द्या, पण संडासच्या वाटेत तांबे, पिशव्या, चपला नकोत.

जेवणाचं. पथ्य म्हणून सासूबाईंना पेज आणि मऊभातच चाललाय असं मी धरून चालते. पेज पोटाला बरी, पण झिजलेलं मांस भरून यायला तिच्यात काही नाही. श्रावण पाळत असाल तर कुळथाची पिठी घट्ट करा, मुगाचं वरण, चवळी, मटकी, दूध, दही, पनीर, शेंगदाणे. श्रावण नसेल तर अंडं आणि मासे. "टाक्यांना मासे चालत नाहीत, पू होतो" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खुशाल द्या. पू जंतूंनी होतो, बांगड्यानं होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डाळी-मांसाचं प्रमाण विचारून ठरवा.

कधी थांबायचं तेही लिहून ठेवा. एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला, तापायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप भरला, किंवा चालता चालता खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड झाल्यासारखा, वाकडा वळलेला दिसला. यातलं काहीही झालं तर निजवा आणि ताबडतोब सांगा. नुसतं दुखतंय, रडतायत, दमल्या, यासाठी दिवस चुकवू नका. पावलं कमी करा, उठवणं बंद करू नका.

मालिश नको. तेल लावायला येणाऱ्याची श्रद्धा असेल, हातही चांगला असेल, पण ऑपरेशन झालेल्या पायाला आणि दोन्ही पोटऱ्यांना आत्ता कुणाचा हात लागता कामा नये. शिरेत गाठ असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग वेळ मिळत नाही. खांद्यांना, हातांना तुम्हीच हलकं तेल लावा.

आता घर. डिस्चार्जच्या आधी मॅडमना अठरा पायऱ्यांचं सांगा. सांगितलं नाही तर त्या सपाट फरशीवर चालवून सोडतील, त्यांना काय कल्पना? हॉस्पिटलच्या जिन्यावर सराव करून घ्या: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. पाखाडीला एका बाजूला धरायला काही आहे का? नसेल तर बांबूचा कठडा करून घ्या. पहिल्या दिवशी पावसात त्यांना पायऱ्या चढायला लावू नका, हाताच्या खुर्चीत बसवून चौघांनी न्या. सराव नंतर, उघडीप बघून. गाडी करा, रिक्षा नको. पुढची सीट मागे सरकवून, खाली उशी घालून बसवा, म्हणजे गुडघे खुब्याच्या वर येणार नाहीत. बॉल बदललेल्याला खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. म्हणजे पाट बंद, मांडी बंद, विळीवर बसून नारळ खवणं बंद, उकिडवा संडास बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. तालुक्याच्या औषधांच्या दुकानात सांगून ठेवलं तर मागवून देतात. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा नकोत, सरकतात. जाड गादी घाला. मागल्या दारचं शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाका आणि वाटेवर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं घाला. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, उशीखाली बॅटरी असू द्या.

आणखी एक, जे डिस्चार्जच्या गडबडीत राहून जातं. नुसतं घसरून खुबा मोडला याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत. दुसरा खुबा मोडू नये म्हणून काय औषध देणार, हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

नणंदेचं म्हणाल तर ती वाईट नाही, लांब आहे. लांबून काळजी करणाऱ्याला "काही करू नको" एवढंच सुचतं. तिला काम द्या. कमोडची खुर्ची आणि चांगला वॉकर डोंबिवलीहून तिच्या दादाकडे पाठवायला सांगा. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावा तो आई खाटेवर निजलेली असताना नको, खिडकीपर्यंत चालताना लावा. आणि गणपतीला येईल तेव्हा आरत्या झाल्या की लगेच परतू नको, आठ दिवस राहा, सकाळचं चालवणं तुझ्याकडे, असं आत्ताच सांगून ठेवा. तेवढे आठ दिवस तुम्ही झोपा. चार रात्री चटईवर काढल्यात तुम्ही, आणि तुमच्या पत्रात स्वतःच्या जेवणाबद्दल एक ओळ नाही. आज रात्रीपुरतं घरातल्या कुणाला तरी पाठवायला सांगा. सासूबाईंचा मुलगा घरी असेल तर त्यालाच. त्यालाही आईला पावलं वरखाली करायला लावता येईल की.